सहावा दगड

(लातूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांना आमच्या गावात कुणी नावाने हाक मारल्याचे मला आठवत नाही. पाटलापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांचे ते गुरुजी. आज या व्यासपीठावरून मीही त्यांना गुरुजीच म्हणेन. जिल्हा परिषदेच्या चार खोल्यांच्या शाळेत त्यांनी मला तीन वर्षे शिकवले. पुढे माझे शिक्षण बरेच झाले, नांदेडला शिकवण्यात आयुष्य गेले. पण ‘कल्पना करणे’ म्हणजे नेमके काय करायचे असते, हे मी त्यांच्याकडे एका दुपारी शिकलो. त्या दुपारपासूनच सुरुवात करतो.

सहावीत होतो. शाळेची सहल कंधारला गेली होती. किल्ला पाहून झाला, राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग सागर पाहून झाला, दशम्या सोडून झाल्या. मग गुरुजी आम्हाला जवळच्या मानसपुरीला घेऊन गेले. तिथे क्षेत्रपालाच्या एका अवाढव्य मूर्तीचे अवशेष आहेत. मूर्ती उभी नाही. दगडाचे तुकडे पडलेले आहेत आणि त्यांत एक पाऊल. आम्ही पोरे त्या पावलावर चढायला धावलो. गुरुजींनी दरडावून खाली उतरवले आणि पिशवीतून सुतळीचा गुंडा काढला.

मला पुढे बोलावले. म्हणाले, “तुझं पाऊल मोज.” मी टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली. “आता तीच सुतळी टाचेपासून डोक्यापर्यंत लाव. किती पावलं भरली?” सहा भरली आणि वर अर्धे उरले. दुसऱ्या पोराचीही साधारण तेवढीच. तिसऱ्याची थोडी कमी. मग दोघांनी मिळून दगडाचे पाऊल मोजले. ती सुतळी घेऊन गुरुजींनी आम्हाला शेजारच्या मोकळ्या रानात नेले आणि साडेसहा वेळा जमिनीवर टाकायला लावली. एका टोकाला माझी टोपी ठेवली, दुसऱ्या टोकाला पाण्याची बाटली. रानात क्षेत्रपाल आडवा झाला. आम्ही त्याच्या टाचेपासून डोक्यापर्यंत पळत गेलो, पळत आलो, धापा टाकत बसलो.

“आता डोळे मिटा,” गुरुजी म्हणाले, “आणि त्याला उभा करा.”

आम्ही डोळे मिटले. “ते लिंबाचं झाड याच्या कुठवर येतं?” कुणी म्हणाले गुडघ्यापर्यंत, कुणी म्हणाले मांडीपर्यंत. भांडण लागले. तेवढ्यात शेवटच्या बाकावर बसणारा एक पोरगा, ज्याला वाचता वाचता अडखळायला व्हायचे, तो डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाला, “गुरुजी, दिवस मावळताना त्याची सावली आपल्या मोटारीवर पडती.” गुरुजी काही क्षण बोललेच नाहीत. मग जवळ जाऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सावलीचा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. तो त्या पोराने आपल्या मनानेच स्वतःला घातला होता.

आमचा हिशोब चुकीचा असू शकेल. मूर्तिकाराचे प्रमाण वेगळे, माणसाचे वेगळे, हे मला फार पुढे कळले. पण त्या दुपारी ज्या क्रमाने गोष्टी घडल्या, तो क्रम मी जन्मभर जपला आहे. आधी हाताने मोजणे, मग त्रैराशिक आणि त्यानंतर डोळे मिटणे. सुतळीशिवाय नुसते डोळे मिटायला सांगितले असते, तर आम्हाला सिनेमातला राक्षस दिसला असता. आणि सुतळीवरच थांबलो असतो, तर वहीत एक आकडा उरला असता. सावली कुणालाच दिसली नसती.

श्रोतेहो, कल्पनाशक्तीविषयी बोलताना आपण नेहमी म्हणतो की मुलांच्या कल्पनाशक्तीला ‘वाव’ द्यावा. वाव म्हणजे मोकळी जागा. जागा हवीच. पण शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला माहीत असते की नुसती मोकळी जमीन ठेवली तर त्यात हरळी आणि कुंदा माजतो. म्हणून मला ‘वाव’पेक्षा ‘पोषण’ हा शब्द जवळचा वाटतो. त्यासाठी माझ्याकडे आपल्या रानातलाच एक शब्द आहे: वाफसा. मोठा पाऊस झाला की काळ्या रानात लगेच पेरणी करता येत नाही. चिखलात तिफण चालत नाही, फण रुततो, बी दडपते. फार थांबलो तर ओल उडून जाते. मधले दोन-चार दिवस असे येतात की जमीन ओलीही असते आणि मोकळीही असते, मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटाने ढकलला तर फुटतो. तो वाफसा. मुलाच्या मनालाही वाफसा लागतो. माहितीचा पाऊस पडून गेल्यावर तो मुरायला, मन मोकळे व्हायला वेळ लागतो. लातूर आणि नांदेड या आमच्या दोन्ही शहरांत आज मुलांवर पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत पाऊस पडतो आहे आणि वाफसा मात्र कधी येतच नाही. माझे सगळे म्हणणे एवढेच आहे. पुढे जे बोलेन ते त्याचा खुलासा म्हणून.

आपल्या जुन्या काव्यशास्त्राने या शक्तीला प्रतिभा म्हटले. अभिनवगुप्ताचे गुरू भट्ट तौत यांनी तिचे जे लक्षण सांगितले, त्याचा आशय असा की जिला सतत नवे नवे सुचते ती बुद्धी म्हणजे प्रतिभा. ध्यानात घ्या, त्यांनी तिला बुद्धीच म्हटले आहे. लहर म्हटले नाही, वेड म्हटले नाही. बुद्धी एका बाजूला आणि कल्पना दुसऱ्या बाजूला, अशी फाळणी त्यांनी केली नाही. ती आपण शाळेच्या वेळापत्रकात केली. गणित सकाळी आणि चित्रकला शनिवारी शेवटच्या तासाला, तीसुद्धा सर आले तर.

राजशेखराने आणखी पुढचे सांगितले. त्याचे घराणे महाराष्ट्रातले, काळ राष्ट्रकूटांचाच. ‘काव्यमीमांसे’त तो प्रतिभेचे दोन प्रकार करतो. कारयित्री म्हणजे निर्माण करणारी, ती कवीची. भावयित्री म्हणजे ग्रहण करणारी, ती रसिकाची. मला हा दुसरा शब्द फार मोलाचा वाटतो. कविता ऐकणारा, गोष्ट ऐकणारा, दगडी पाऊल पाहणारा माणूसही प्रतिभा चालवत असतो, असे आपल्या परंपरेने हजार वर्षांपूर्वी मान्य केले. सगळी मुले कवी होणार नाहीत, चित्रकार होणार नाहीत. पण भावयित्री प्रतिभा प्रत्येक लेकराच्या वाट्याला आलेली असते आणि ती उपाशी राहिली तर कारयित्री कुठून येणार? गोष्ट ऐकताना ज्याच्या डोळ्यांपुढे वाडा उभा राहत नाही, त्याला पुढे स्वतःचा वाडा बांधता येत नाही.

रशियातील मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३० साली मुलांच्या कल्पनाशक्तीवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे आपल्या आजीला पटेल असे आहे. कल्पना शून्यातून येत नाही, ती अनुभवाच्या सामग्रीतून येते. म्हणून मोठ्या माणसाची कल्पना मुलापेक्षा समृद्ध असू शकते, कारण त्याच्या कणगीत धान्य जास्त असते. मुलाची कल्पनाशक्ती वाढवायची असेल, तर त्याला पाहायला, हात लावायला, ऐकायला जास्त द्यावे लागते. गुरुजींनी व्हिगॉट्स्की वाचला नव्हता. त्यांच्या पिशवीत सुतळी मात्र होती.

आता आपल्या माणसांकडे येतो.

नरहर कुरुंदकर १९३२ साली जन्मले आणि १९८२ साली, पन्नाशी गाठण्याआधीच गेले. नांदेडमध्ये ‘प्रतिभा निकेतन’ नावाच्या शाळेत ते शिकवत. शाळेचे नावच पाहा! पुढे ते पीपल्स कॉलेजमध्ये आले, तिथेच प्राचार्य झाले. हेच कुरुंदकर विद्यार्थी असताना इंटरच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाले होते. हैदराबादला मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे पुस्तकांच्या संगतीत ते वाढले. मामा उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. अभ्यासक्रमाबाहेरचे वाचन आणि हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाची धामधूम, यांतून परीक्षेला उरलेला वेळ थोडाच असणार. मी परीक्षेत नापास होण्याचा गौरव करत नाही, आणि कुणी तसा अर्थ काढू नये. नापास होण्याचे दुःख काय असते ते मी असंख्य मुलांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. मला दाखवायचे आहे ते हे, की त्या माणसाच्या मनाला वाफसा मिळाला. त्या ओलीतून मनुस्मृती, भरताचे नाट्यशास्त्र, शिवाजी महाराज, गांधी, कादंबरी अशा विषयांवरच्या लेखनाची इतकी वेगवेगळी पिके आली.

कुरुंदकरांविषयी आणखी थोडे थांबतो, कारण कल्पनाशक्ती म्हणजे स्वैरपणा असे ज्यांना वाटते त्यांना माझे उत्तर त्यांच्याकडे आहे. रणजित देसाई ‘श्रीमान योगी’ लिहीत असताना कुरुंदकरांनी त्यांना एक दीर्घ पत्र लिहिले. ते कादंबरीला प्रस्तावना म्हणून छापलेले आहे. नांदेडला बसलेला एक अध्यापक एका कादंबरीकाराला सांगतो आहे की या महापुरुषाची कल्पना कशी करावी लागेल, कुठली कागदपत्रे सांभाळावी लागतील, कुठे दंतकथा बाजूला ठेवावी लागेल, कुठे काळाचा नकाशा मनात मांडावा लागेल. ते पत्र म्हणजे सुतळी आहे. आधी मोजून घ्या, मग डोळे मिटा, मग त्याला उभा करा. मी ते पत्र विद्यार्थ्यांपुढे वाचायला लागलो की दरवेळी मला मानसपुरीचे रान दिसते.

दुसरे नाव आपल्या लातूरचे. प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झाले, त्याचे ते पहिले प्राचार्य; पुढे १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे ते पहिले कुलगुरू. ज्या महाविद्यालयाच्या नावाशी परीक्षेच्या कसून तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ जोडला गेला, त्याची पायाभरणी करणारा हा माणूस त्याच वर्षांत काय करत होता? अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य वाचत होता, आणि त्यांच्या साहित्यावर व संस्कृतीवर मराठीत पुस्तक लिहीत होता. मराठी दलित साहित्य आपले शब्द शोधत असण्याचा तो काळ. लातूरच्या एका खोलीत बसून सातासमुद्रापार गुलामीत वाढलेल्या माणसाचे दुःख स्वतःच्या मातीतल्या दुःखाशेजारी ठेवून पाहणे, याहून मोठी कल्पनाशक्ती कोणती? लातूर पॅटर्नच्या मुळाशी असा माणूस होता, ही गोष्ट शिकवणी वर्गांच्या भिंतींवरच्या गुणवंतांच्या फोटोंशेजारी कुठेतरी लिहिली जावी, असे मला मनापासून वाटते.

आणि तिसरे, रा. रं. बोराडे. याच तालुक्यातल्या काटगावचे. १९७१ साली ‘पाचोळा’ आली. खेड्यातल्या शिंप्याची बायको पार्वती आपल्या संसाराची पडझड आपल्या बोलीत सांगते, ही ती कादंबरी. लिहिणारा पुरुष, बोलणारी बाई. लिहिणारा प्राध्यापक, बोलणारी निरक्षर वाटावी अशी. बोराडेसरांनी दुसऱ्याच्या अंगात शिरून त्याच्या तोंडाने बोलण्याची किमया केली. आपले लोक याला परकायाप्रवेश म्हणतात. कल्पनाशक्तीचे हे रूप मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण ते माणसाला चांगलाही बनवते. जो दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहू शकतो, तो सुनेला छळताना एकदा तरी थबकेल.

आता या शहरांच्या आजच्या गोष्टीकडे वळतो. इथे मला काळजीपूर्वक बोलायचे आहे, कारण समोर पालक बसले आहेत, शिकवणी घेणारे शिक्षकही बसले आहेत.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने शिक्षणावर जो विश्वास टाकला, त्याला तोड नाही. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून, सभा घ्यायची तर ‘गश्ती निशान त्रेपन्न’ हे परिपत्रक आडवे येई आणि आधी परवानगी मागावी लागे. त्या राज्यातून १७ सप्टेंबर १९४८ला सुटलेल्या माणसांनी दोनच वर्षांत, १९५० साली, नांदेडला पीपल्स कॉलेज उभे केले. जे कॉलेज समोर दिसत नव्हते, ते त्यांना आधी मनात दिसले होते. त्यांच्या नातवंडांनी लातूर पॅटर्न घडवला. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या बरोबरीने आपल्या मुलांची नावे झळकू लागली, तेव्हा माझी छाती भरून आली होती, आणि आजही ती आठवण आली की भरते. कोरडवाहू पाच एकर असलेल्या बापाला लेकराला डॉक्टर करायचे स्वप्न पडावे, हीच मुळात कल्पनेची झेप आहे.

पण त्या स्वप्नाच्या वाटेवर आपण लेकराला काय देतो? ‘नीट’ परीक्षेत आज १८० मिनिटांत १८० प्रश्न. मिनिटाला एक. चार पर्याय समोर असतात, त्यांतला एक निवडायचा आणि गोल भरायचा. या सवयीत दोन वर्षे, आणि आता तर आठवीपासून म्हणजे पाच वर्षे घालवलेल्या मुलाला हळूहळू वाटू लागते की जगातल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कुणीतरी आधीच छापून ठेवलेले आहे आणि ते चारांतले एक आहे. पाचवे उत्तर असू शकते, हे त्याच्या मनातून निघून जाते. मला भीती आहे ती याची.

माझ्या घराशेजारच्या घरात वरच्या मजल्यावर मुखेडकडची एक मुलगी भाड्याने राहत होती. नीटची तयारी करत होती. एकदा लाईट गेली म्हणून खाली आमच्या ओट्यावर येऊन अभ्यासाला बसली. पाणी प्यायला उठली आणि वाऱ्याने तिची रफ वही उलटून शेवटचे पान उघडे पडले. त्यावर एका वाड्याचे चित्र होते. वर दोन खोल्या, खाली दोन खोल्या. मधली भिंत पक्की, तिला कुठेही दार नाही. वरच्या खोलीतून खालच्या खोलीत यायला दारे, आणि ती एकाच बाजूला उघडणारी. मागे फिरायची सोय नाही, असे तिने बाण काढून दाखवले होते. उजव्या बाजूने डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका येत होत्या, खालच्या खोलीतून बाहेर पडून अंगणात जात होत्या. अंगणात दोन मोठी झाडे. तिथून घागरी चमकत्या होऊन बायका डाव्या बाजूने परत वाड्यात येत होत्या आणि खालच्या डाव्या खोलीच्या जाड भिंतीआडून साऱ्या गावात पांगत होत्या.

ते माणसाचे हृदय होते. चार कप्पे, झडपा, फुप्फुसे, सगळे जिथल्या तिथे. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड असते, तेसुद्धा तिच्या ध्यानात होते. मी चाळिशी लावून पाहतच राहिलो. ती आली, वही ओढून घेतली, चेहरा लाल झाला. म्हणाली, “काका, हे असंच. टाइमपास. मार्कांचं नाही ते.”

श्रोतेहो, त्या मुलीला कुणी तरी शिकवले होते की जे मार्कांचे नाही ते लपवायचे असते. मी तिला म्हणालो की बाळ, हे पान तू फाडू नकोस. पुढे तू डॉक्टर झालीस आणि मुखेडच्या एखाद्या म्हातारीला तिच्या नवऱ्याच्या हृदयाला काय झालंय ते सांगायची वेळ आली, तर पुस्तकातली आकृती तिला कळणार नाही, हा वाडा कळेल. “एक दार नीट लागेना झालंय, आजी, म्हणून पाणी मागं येतंय.” एवढे ऐकून ती हसली. त्या हसण्यात सुटका होती.

रट्टा मारून चार पर्यायांतला योग्य पर्याय निवडता येतो. पण ज्याने हृदयाचा वाडा केला, त्याला ते समजलेले असते. शिकवणी घेणाऱ्या माझ्या मित्रांना हात जोडून विनंती आहे. आठवड्यातून एक तास मुलांना सांगा की आज शिकलेल्या गोष्टीचे गावाकडचे चित्र काढा. पेशीचा कारखाना करा, मूत्रपिंडाची गाळणी करा, आनुवंशिकतेची सोयरीक करा. पाहा, निकालाला धक्का लागतो का. माझ्या अनुभवाने लागत नाही.

कुणी म्हणेल, हे भरल्या पोटाचे बोलणे आहे, आधी नोकरी, मग कल्पना. मी हे ऐकून घेतो, कारण बोलणाऱ्याने दिवस काढलेले असतात. पण एक गोष्ट लातूरकरांना आठवण करून द्यावीशी वाटते. १२ एप्रिल २०१६. मिरजेहून रेल्वेने पाणी आले, पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. आपण सगळे त्या पहाटेचे साक्षीदार आहोत. रेल्वेच्या टाक्यांतून शहराला पाणी पाजायचे, हे ज्यांना सुचले आणि ज्यांनी ते जमवले, त्यांचे उपकार आहेतच. पण ती वेळ का आली? पाऊस कमी पडला, मांजरा धरण आटले, हे खरे. त्याच्या आधी कित्येक वर्षे आपण जमिनीखालच्या पाण्याची कल्पनाच केली नव्हती. आपल्या पायाखाली काळा बसाल्ट आहे. त्यात पाणी वाळूतल्यासारखे साठत नाही. मुरमाच्या थरांत आणि भेगांत जेवढे मावेल तेवढेच राहते. हे डोळ्यांना दिसत नाही. ते मनातच पाहावे लागते. माझ्या उसाच्या बोअरची भेग शेजारच्या विहिरीच्या भेगेला मिळालेली आहे, हे चित्र ज्याच्या मनात उभे राहते, तो पुढचा बोअर पाडताना थांबतो. आम्ही शेकडो फूट खाली गेलो, पण मनाने एक वीतही खाली उतरलो नाही. म्हणून मला कल्पनाशक्ती हा सुखवस्तूंचा शौक वाटत नाही. दुष्काळी मुलखाला ती इतरांपेक्षा जास्त लागते.

मग पोषण करायचे कशाने? यादी देणार नाही, जे जवळचे आहे तेवढे सांगतो. आपला मुलूख सीमेवरचा आहे. देगलूर-बिलोलीच्या बाजारात मराठीबरोबर तेलुगू कानावर पडते, निलंगा-उदगीरकडे कन्नड, सगळीकडे दखनी, तांड्यावर गोरमाटी, किनवट-माहूरच्या रानात गोंडी आणि कोलामी. एकाच वस्तूला दोन नावे असतात हे ज्या मुलाला पाचव्या वर्षी कळते, त्याला वस्तू आणि शब्द यांच्यामधली फट दिसते. आणि कल्पना त्या फटीतच राहते. आपण मात्र त्या मुलाला ‘शुद्ध बोल’ म्हणून गप्प करतो. होट्टलच्या मंदिरांचे कोरीव काम, खरोशाची लेणी, माळेगावची जत्रा हे सगळे एसटीच्या अंतरावर आहे. तिथे मुलांना न्यावे, पण सेल्फी काढायला नको. एक सुतळी बरोबर ठेवावी. आणि मुलांसाठी लिहिणारे आपल्यातच आहेत. नांदेडचे डॉ. सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या बालकवितासंग्रहाला २०२५चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. वाढदिवसाला केक आणताना हे पुस्तक कितीजणांनी आणले?

सर्वांत महत्त्वाचे खत मात्र अपुरी गोष्ट. आमची आजी गोष्ट सांगता सांगता झोपी जाई. राक्षस दारात आलेला असे आणि आजी घोरू लागे. आम्ही अंधारात पडून राक्षसाचे पुढचे करत असू. प्रत्येक भावंडाचा राक्षस वेगळा. मोबाईलवरची गोष्ट कधी झोपी जात नाही. ती पूर्ण करते, रंगवते, लगेच दुसरी आणते. लेकराला करायला काही ठेवतच नाही. मी मोबाईलचा वैरी नाही. पण आईबापांना सांगेन, लेकराजवळ रात्री गोष्ट अर्धी सोडण्याचे धाडस करा.

शेवटी गेल्या येळवशीची एक हकीकत सांगून थांबतो. येळवस म्हणजे काय हे लातूरकरांना सांगायला नको, पण नांदेडपलीकडून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. वेळ अमावस्येला सगळे गाव रानात जाते, शहरात बाजारपेठ ओस पडते. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची खोप करतात. खोपीत पाच दगड मांडतात, त्यांना चुना-काव लावतात. ते पांडव. त्यांच्यापुढे आंबिलीचं बिंदगं, भज्जी, उंडे, खीर. मग ओरडत ओरडत खोपीला फेरा मारायचा आणि आलेल्या-गेलेल्याला बोलावून जेवू घालायचे. विचार करा, नदीतले पाच गोटे! कुठलाही चेहरा नाही, हात नाहीत, गदा नाही. सारे गाव त्यांना पांडव म्हणते आणि ते पांडव असतात. ही आपल्या लेकरांची पहिली शाळा आहे.

मी औशाकडे नातलगांच्या रानात गेलो होतो. पूजा झाली, फेरे झाले, पंगत बसली. पुतण्याची सात वर्षांची मुलगी पंगतीत दिसेना. हाका मारल्या. ती खोपीच्या मागून आली, हातात एक गोटा, मातीने माखलेला. तिने तो खोपीच्या बाहेर, दारापासून हातभर अंतरावर ठेवला आणि फिरवून फिरवून त्याचे तोंड आत केले.

तिची पणजी खोपीच्या सावलीत बसली होती. म्हणाली, “हे काय गं आणि? पांडव पाच असतेत.”

“हा कर्ण हाय,” पोरगी म्हणाली. “त्याला आत बलवायचं राहून गेलंय.”

पंगत गप्प झाली. कुणी हसले नाही. म्हातारीने एकवार त्या गोट्याकडे पाहिले, मग पोरीकडे. चुन्याच्या वाटीत थोडे पाणी घातले, बोटाने कालवले आणि गुडघ्यावर हात टेकत उठली.